दगड, कापूस आणि पेशी

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातले गिरड हे गाव टेकडीवरच्या शेख फरीद बाबांच्या दर्ग्यासाठी विदर्भभर ओळखले जाते. हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांतली माणसे तेथे नवस बोलायला आणि फेडायला येतात. या टेकडीवर गोलसर, गाठीसारखे दगड विखुरलेले आढळतात आणि त्यांची एक आख्यायिका आहे. दोन फिरते व्यापारी माल घेऊन टेकडीजवळून चालले होते. त्यांनी फकिराची, म्हणजे शेख फरीद बाबांची, थट्टा केली, तेव्हा त्याने त्यांच्याजवळचे नारळ आणि बाकीचा सगळा माल दगड करून टाकला. व्यापाऱ्यांनी पाय धरले. मग फकिराने वाळलेल्या पानांचा नवा माल करून दिला. व्यापारी त्याच्या सेवेतच राहिले आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच असल्याचे सांगतात. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या १८७० च्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्ये ही गोष्ट नोंदलेली आहे.

गॅझेटियरने त्याच ठिकाणी दगडांची खरी जातही सांगितली आहे. ते झिओलाइट या खनिजाचे गोळे आहेत. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले तेव्हा लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून राहिले. लाव्हा थिजल्यावर त्या जागी पोकळ्या उरल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट, अकीक, गारगोटी यांसारखी खनिजे आणून भरली. भोवतालचा मऊ झालेला खडक झिजला की आतले गोळे सुटे होतात. आकाराने ते फळासारखे दिसतात, पण असा गोळा कापून घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात स्फटिक दिसतात, पेशी दिसत नाहीत. तो कधीच फळ नव्हता, याला एवढा पुरावा पुरतो.

मात्र झाडाचा दगड होऊच शकत नाही, असा निष्कर्ष यावरून काढला तर तो चुकेल. याच लाव्हाच्या थरांमध्ये, याच वर्धा-नागपूर-चंद्रपूरच्या पट्ट्यात, खरोखरीची खोडे, पाने आणि फळे दगड झालेली सापडतात आणि त्यांच्यातली एकेक पेशी मोजता येते. गोष्टीत पानांचा माल झाला. खडकात पानांचाच दगड झाला आहे. पेशीच्या शोधाचा इतिहास या दगडांच्या इतिहासाशी पहिल्यापासून जोडलेला आहे, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

रॉबर्ट हुक यांनी बुचाच्या कापात पेशी पाहिल्या, हे शाळेत सगळेच शिकतात. त्यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ साली लंडनमध्ये छापला गेला. त्यातले अठरावे निरीक्षण बुचाचे आहे. सतरावे निरीक्षण दगड झालेल्या लाकडाचे आहे. या लाकडात हुक यांना जिवंत झाडातल्यासारखीच सूक्ष्म छिद्रे दिसली. खनिजे विरघळलेले पाणी लाकडात मुरत गेले आणि छिद्रांत दगडी द्रव्य साचले, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. आजचे स्पष्टीकरण त्याहून फार वेगळे नाही. त्यानंतर लगेच ते बुचाकडे वळले. धारदार चाकूने काढलेल्या पातळ कापात त्यांना मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्या कप्प्यांना त्यांनी ‘सेल’, म्हणजे लहान खोली, असे म्हटले. एका घन इंच बुचात असे सुमारे १२६ कोटी कप्पे असतील, असा हिशेबही त्यांनी केला.

हुक यांनी पाहिले ते रिकामे कप्पे. बुचाच्या पेशी मेलेल्या असतात. त्यांच्यातले सजीव द्रव्य नाहीसे होऊन फक्त भिंती उरतात. दगड झालेल्या लाकडातही भिंतीच उरल्या होत्या. त्यामुळे पेशी म्हणजे भिंतींनी बंद झालेली जागा, ही कल्पना पक्की झाली आणि पुढची दीडशे वर्षे ती टिकली. इंग्लंडमध्ये नेहेमाया ग्रू आणि इटलीत मार्चेल्लो माल्पिघी यांनी वनस्पतींच्या अंतर्रचनेची सुंदर चित्रे काढली. ग्रू यांचा मोठा ग्रंथ १६८२ चा आहे. पण त्यांचेही लक्ष मुख्यतः भिंतींच्या जाळ्याकडे होते. हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी त्याच काळात पाण्यातले एकपेशीय जीव आणि रक्तातल्या पेशी पाहिल्या. या पेशींना भिंत नव्हती. त्या आणि बुचातले कप्पे एकाच जातीची वस्तू आहेत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणे कठीणच होते.

ही भिंत कशाची असते, ते फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायाँ यांनी १८३८ मध्ये दाखवले. निरनिराळ्या वनस्पतींच्या भिंतींतून त्यांनी एकच द्रव्य वेगळे केले आणि त्याला सेल्युलोज हे नाव मिळाले. या द्रव्याचा सर्वांत शुद्ध नैसर्गिक नमुना गिरडच्या भोवतालच्या काळ्या रानात दरवर्षी पिकतो. कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. सरकीच्या वरच्या थरातली पेशी फूल उमलते त्या सुमारास वाढू लागते आणि सुमारे तीन आठवडे फक्त लांबीतच वाढत राहते. दोन-तीन सेंटिमीटर लांब आणि केसाहून बारीक अशी ही पेशी त्यानंतर आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढवू लागते. बोंड फुटते तेव्हा आतले पेशीद्रव्य सुकून मेलेले असते आणि चपटी, पिळदार भिंत तेवढी उरते. तंतूच्या वजनाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचा असतो. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या बनी कापसाचे नाव मँचेस्टरच्या बाजारापर्यंत गेले होते. तो धागा मूळचा कसा घडतो याचा विचार बाजाराला करण्याचे कारण नव्हते, पण हिंगणघाटच्या गाड्यांतून त्या काळी जो माल जात होता तो सारा पेशीभित्तिकांचाच होता. मध्य प्रांतात १८६६ पासून कापसासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला गेला, त्यावरून या मालाचे मोल कळते.

भिंतीवरून लक्ष आत वळले ते एकोणिसाव्या शतकात. स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांना १८३१ मध्ये आमरांच्या, म्हणजे ऑर्किडच्या, पेशींमध्ये प्रत्येकी एक गोल ठिपका सातत्याने दिसला. तो केंद्रक होय. जर्मनीत मत्थियास श्लायडेन यांनी १८३८ मध्ये सगळ्या वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असतात, असे मांडले. एका भोजनाच्या वेळी त्यांनी केंद्रकाची गोष्ट थिओडोर श्वान यांना सांगितली. श्वान त्या वेळी प्राण्यांच्या ऊतींवर काम करत होते. तशीच केंद्रके आपण बेडकाच्या पिल्लांच्या पृष्ठरज्जूत पाहिली आहेत, हे त्यांच्या चटकन लक्षात आले. १८३९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि वनस्पती व प्राणी यांच्यातली भिंत या एका बाबतीत पडली. दोघांना जोडणारी खूण भित्तिका नसून केंद्रक होते.

नवी पेशी कशी होते, याबद्दल मात्र दोघेही चुकले. द्रवातून स्फटिक तयार व्हावा तशी पेशी तयार होते, असे त्यांना वाटत होते. रॉबर्ट रेमाक यांनी पेशी विभागून पेशी होताना पाहिली आणि १८५५ मध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते हे सूत्र मांडले. श्रेय फिर्खो यांच्याकडे अधिक गेले, ते रेमाक यांच्या वाट्याला यायला हवे होते.

श्वान यांचे नाव मज्जातंतूंभोवती वेढे घालणाऱ्या पेशींनाही मिळाले आहे. कुष्ठरोगाचे जंतू नेमके या पेशींमध्ये शिरतात. म्हणून रोग्याच्या हातापायांची संवेदना जाते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. बोटे झडलेली जी माणसे तेथे आली त्यांच्या दुखण्याचे मूळ एका प्रकारच्या प्राणिपेशीत होते.

फिर्खो यांच्या सूत्रानंतरच्या शंभर वर्षांत आधी रंगद्रव्यांच्या आणि १९४५ नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशीचे अंतरंग उलगडले. वनस्पती आणि प्राणी या दोन्ही प्रकारच्या पेशींना बाहेरून प्रद्रव्यपटल असते. ते मेद आणि प्रथिने यांचे असून त्याची जाडी सात ते दहा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या लक्षांशाच्या आसपास असते. काय आत घ्यायचे आणि काय बाहेर टाकायचे, हे हे पटल ठरवते. आत पेशीद्रव्य, त्यात केंद्रक आणि केंद्रकात गुणसूत्रे असतात. तंतुकणिका अन्नातून ऊर्जा मोकळी करतात. आंतर्द्रव्यजालिकेवर चिकटलेल्या रायबोसोमवर प्रथिने तयार होतात आणि कामिल्लो गॉल्जी यांना १८९८ मध्ये मज्जापेशींत दिसलेले गॉल्जी पिंड ती प्रथिने योग्य ठिकाणी पाठवतात. एवढी यंत्रणा ज्वारीच्या पानात आणि बैलाच्या स्नायूत सारखीच असते.

फरक पडतो तो पुढे. वनस्पतीच्या पेशीत प्रद्रव्यपटलाच्या बाहेर सेल्युलोजची भित्तिका असते. लाकडात तिच्यावर लिग्निन चढते आणि ती कठीण होते. भित्तिकेतल्या बारीक मार्गांनी शेजारच्या पेशींची पेशीद्रव्ये एकमेकांना जोडलेली असतात. हिरव्या भागात हरितलवके असतात. सूर्यप्रकाशावर अन्न तयार होते ते त्यांच्यातच. पक्व पेशीत मधोमध एकच मोठी रिक्तिका असते आणि केंद्रक कडेला सरकलेले असते. रिक्तिकेतल्या पाण्याचा भित्तिकेवर दाब असला की रोप ताठ राहते. दाब उतरला की दुपारच्या उन्हात पाने माना टाकतात. प्राणिपेशीला भित्तिका आणि लवके नसतात, रिक्तिका असल्या तर लहान असतात. मात्र पेशीविभाजनात भाग घेणारी तारककाये आणि टाकाऊ द्रव्य पचवणाऱ्या लयकारिका तिच्यात ठळक असतात. भिंत नसल्यामुळे प्राणिपेशी वाकते, सरकते, आकार बदलते. स्नायू आखडतो आणि पांढरी रक्तपेशी जंतूला गिळते ती त्याचमुळे. वनस्पतीला एका जागी उभे राहायचे असते. तिला भिंत लागते.

मेल्यानंतर या फरकाचा परिणाम आणखी ठळक होतो. प्राणिपेशी काही दिवसांत विरघळून जाते. वनस्पतीची भिंत टिकू शकते आणि तिच्यात दगड भरू शकतो. विदर्भाच्या खडकांत हे घडले असल्याचे लोकांच्या नजरेला आले ते पेशीसिद्धान्त आकार घेत होता त्याच दशकात. मद्रासच्या सैन्यातले डॉक्टर जॉन ग्रँट माल्कमसन यांनी निर्मळच्या डोंगरांपासून हिंगणघाटपर्यंतच्या भागातून जीवाश्म गोळा केले आणि १८३० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या भूवैज्ञानिक सभेपुढे ते मांडले. त्यांच्या संग्रहात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख होते. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्याची तळी होती, असा त्याचा अर्थ. एक उद्रेक थांबे, तळी साचत, झाडे उगवत आणि पुन्हा लाव्हा येऊन सारे झाकून टाकी. या थरांना पुढे आंतरट्रॅपी थर हे नाव पडले.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या स्कॉटिश मिशनऱ्यांनी हे काम पुढे नेले. शहराजवळच्या टाकळी येथे त्यांना फळे, बिया, पाने, लाकूड आणि शंख यांचा मोठा साठा सापडला. दोघांनी मिळून लिहिलेला नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा प्रबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. फळांचे बाह्य आकार त्यांनी काळजीपूर्वक पाहिले. आत डोकावण्याची साधने त्यांच्यापाशी नव्हती. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळ पुराचा ओढा ओलांडताना बुडून मरण पावले. त्यांनी जमवलेले नमुने लंडनच्या संग्रहालयात गेले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

आत पाहण्याचे तंत्र युरोपात आधीच निघाले होते. विल्यम निकल यांच्या पद्धतीने दगडाची चकती काचेवर चिकटवून ती प्रकाश आरपार जाईल इतकी घासत न्यायची, अशी ती रीत. हेन्री विदॅम यांनी १८३१ मध्ये याच रीतीने कोळशाच्या काळातल्या झाडांच्या पेशींची चित्रे प्रसिद्ध केली. विदर्भाच्या आणि शेजारच्या छिंदवाड्याच्या दगडांना ती रीत नेटाने लावली गेली मात्र शंभर वर्षांनंतर. के. पी. रोडे यांनी १९३३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान येथील फळांविषयी टिपण लिहिले आणि बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह या सिलिकामय वनस्पतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातले व्ही. बी. शुक्ला यांनी १९४४ मध्ये मोहगावचे एक संपूर्ण फूल वर्णन करून त्याला साहनिअँथस हे नाव दिले. पाकळ्या, पुंकेसर आणि परागकण यांच्यासह फूल दगड व्हावे, हे जगात फार थोड्या ठिकाणी घडले आहे. साहनी यांनी आधी वर्णन केलेले एनिग्मोकार्पॉन हे फळ आणि हे फूल एकाच वनस्पतीचे असावे, हे दोहोंच्या अंतर्रचनेवरून ठरले. बाहेरून पाहून ते कुणाला सुचले नसते.

एवढी नाजूक गोष्ट टिकली ती सिलिकामुळे. लाव्हा आणि राख झिजताना त्यांतली सिलिका तळ्याच्या पाण्यात विरघळे. चिखलात गाडल्या गेलेल्या लाकडाला प्राणवायू कमी मिळाल्याने ते सावकाश कुजे. सेल्युलोज आणि लिग्निन यांच्या रेणूंना सिलिका चिकटत जाई, मग पेशीची पोकळीही तिने भरून जाई. पेशीद्रव्य बहुधा त्याआधीच नाहीसे झालेले असे, म्हणून केंद्रक क्वचितच हाती लागते. पण भित्तिकांची जाडी, जलवाहिन्यांच्या भिंतीवरचे खड्डे, तंतूंचे गठ्ठे यांवरून झाडाचे कूळ ओळखता येते.

वर्धा जिल्ह्यातले या प्रकारचे महत्त्वाचे स्थळ म्हणजे नवरगाव. शेटे आणि कुलकर्णी यांनी तेथील द्विदल झाडांच्या लाकडांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. तेथूनच एस. डी. बोंडे यांनी १९८६ मध्ये ताडवर्गातल्या पानाचा दगड झालेला तुकडा वर्णिला. ताडवर्गाचे लाकूड ओळखायला सोपे. त्यात वर्षागणिक वाढणारी वलये नसतात. पाणी आणि अन्न वाहणारे वाहक वृंद गाभ्यात सुटे-सुटे विखुरलेले असतात आणि कापलेल्या दगडावर ते ठिपक्यांसारखे दिसतात. अशा सगळ्या खोडांना पामोक्सिलॉन हे एकच सोयीचे प्रजातिनाव दिले जाई. पण एकाच खोडाच्या कडेला आणि गाभ्यात ठिपक्यांची दाटी वेगळी असल्यामुळे एका झाडाला दोन जातिनावे मिळण्याचा धोका होता. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यं. शं. महाबळे यांनी १९५८ मध्ये हा गुंता आजच्या ताड-माडांशी ताडून सोडवण्याचा मार्ग सुचवला. साहनी यांनी मात्र त्याआधीच, १९४६ मध्ये, आंतरट्रॅपी थरांतल्या एका खोडाची रचना नारळाच्या खोडाशी जुळते असे दाखवले होते. दख्खनच्या लाव्हात नारळासारखे झाड दगड झाले होते, हे असे खोडाच्या पेशींवरून सिद्ध झाले.

या वनस्पतींवरूनच साहनी यांनी दख्खनचे थर तृतीयक कल्पाच्या आरंभीचे ठरवले. हिस्लॉप यांचाही कल तिकडेच होता. किरणोत्सारी मापनाने आता उद्रेकांचा मुख्य काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाले त्या संधिकाळातला ठरला आहे. थर या संधिकाळाच्या आधीचे की नंतरचे, हा वाद दोन्ही बाजूंनी थोडा-थोडा खरा निघाला.

प्राण्यांच्या पेशींचा माग इतका सोपा नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिजदुऱ्याला हिस्लॉप यांना मोठ्या सरीसृपांची हाडे मिळाली होती; ती टायटॅनोसॉर या महाकाय शाकाहारी डायनोसॉरांची. अशा जीवाश्म हाडाच्या कापात अस्थिपेशी नसतात, पण त्या ज्यांत बसत त्या इवल्या पोकळ्या हाडाच्या खनिजामुळे शाबूत राहतात. स्नायू, कातडे, रक्त यांचे काही उरत नाही.

पिजदुऱ्याला या प्राण्यांची दगड झालेली विष्ठाही सापडते. मॅटली यांनी १९३९ मध्ये तिच्यावर लिहिले. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रोम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदियान आणि बिरबल साहनी यांचे पुतणे अशोक साहनी यांनी ती विष्ठा विरघळवून तपासली. गवत जमिनीतून सिलिका शोषते आणि पानाच्या वरच्या थरातल्या पेशींत साठवते; ज्वारीचे पान हाताला कापते त्यात हिचाही वाटा आहे. पेशी कुजली तरी तिच्या आकाराचा सिलिकाचा कण उरतो. विष्ठेत असे कण मिळाले आणि त्यांच्या आकारांवरून गवतांचे किमान पाच प्रकार ओळखता आले. तोपर्यंत गवताची भरभराट डायनोसॉरांनंतरची मानली जात होती. २०११ मध्ये पिजदुऱ्याच्याच विष्ठेतून भाताच्या गोतातल्या गवताच्या पानाचे अवशेष वर्णिले गेले आणि त्या गोताचा इतिहास ६.६ कोटी वर्षांपर्यंत मागे गेला.